वाळू, मीठ, कापूर आणि लोखंडाचा कीस : आधी काय बाहेर काढायचं?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजला तो असा : मुलगा सातवीत, सेमी इंग्लिशला, परभणी जिल्ह्यातल्या तालुक्याच्या शाळेत. मिश्रणं वेगळी करायच्या सगळ्या पद्धती त्याच्या पाठ आहेत, फिल्ट्रेशन (गाळणं), डिस्टिलेशन (वाफ करून परत गार करून गोळा करणं), सब्लिमेशन (न वितळता सरळ उडून जाणं) घडाघडा म्हणतो. पण चाचणीत 'वाळू, मीठ, कापूर आणि लोहकीस एकत्र झाले तर कसे वेगळे कराल' असं आलं, त्यानं पहिलंच वाक्य लिहिलं 'मिश्रण पाण्यात टाकावे' आणि पाचपैकी एक मार्क मिळाला. शाळेत प्रयोगाच्या सामानाचं कपाट आहे पण त्याला कायम कुलूप. आणि तुम्हाला काळजी अशी, की केमिस्ट्रीचा पाया आत्ताच कच्चा राहायलाय का, लातूरला फाउंडेशन बॅच लावावी का.

मी जालना जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतो, चोवीस वर्षं झाली. आता हे सगळं थोडं पोरावर, थोडं शाळेवर आणि थोडं पेपर तपासणाऱ्यावर अवलंबून आहे, त्यामुळं मी सांगतो तेच ब्रह्मवाक्य असं समजू नका.

पहिली गोष्ट म्हणजे पोराचं उत्तर चूकच होतं असं मला वाटत नाही. पाण्यात टाकलं तर मीठ विरघळतं, कापूर वर तरंगतो, वाळू आणि कीस तळाला बसतात. कापूर वरून चमच्यानं उचलला, पाणी गाळलं, गाळलेलं पाणी आटवून मीठ मिळवलं, खाली राहिलेलं वाळवून चुंबक फिरवलं, झालं की काम. कागदावर हे चालतं. प्रत्यक्षात काय होतं तर ओला कीस वाळवेपर्यंत गंजायला लागतो, वाळूच्या खड्यांना चिकटून बसतो, आणि चुंबकानं उचलताना निम्मी वाळू बरोबर येती. म्हणून आधी कोरडं असताना चुंबक फिरवायचं. पण हे 'म्हणून' त्याला कुणी सांगितलंच नसणार. त्याला एकदा शांतपणे विचारा, 'पाण्यातच का टाकलं रे आधी?' त्यानं काही कारण सांगितलं, अगदी कसलंही, तर पाया बरा आहे. 'पुस्तकात तसं आहे' म्हणाला तर मग काम आहे.

खरी अडचण काय होती बघा. लेकरं पद्धतींची नावं पाठ करतात, आणि प्रश्न तर पद्धतीचा नसतोच. प्रश्न असतो की या दोन वस्तूंमध्ये फरक काय. एकीला चुंबक ओढतं, दुसरीला नाही. एक पाण्यात विरघळती, दुसरी नाही. एक तरंगती, एक बुडती. एकीचा दाणा मोठा, एकीचा बारीक. एक तापवली की उडून जाती, दुसरी जागची हलत नाही. फरक सापडला की पद्धत आपोआप सुचती, नाव काय ते मागून कळलं तरी चालतं. आणि फरकच नसेल तर जगातली कोणतीही पद्धत चालत नाही.

मी वर्गात या धड्याला पहिले चार तास एकाही पद्धतीचं नाव घेत नाही. फळ्यावर उभ्या ओळीत वस्तू लिहायच्या आणि आडव्या ओळीत प्रश्न : चुंबकाला चिकटतं का, पाण्यात विरघळतं का, तरंगतं का बुडतं, तापवल्यावर काय होतं. एकेक पोरगं येऊन हो किंवा नाही भरतं. तक्ता भरला की मग विचारायचं, कुणाला बाहेर काढलं तर बाकीच्यांना धक्का लागत नाही? तो आधी. तुमच्या प्रश्नात तो लोहकीस. मग कापूर, कारण त्याला काढायला फक्त ऊब लागती, पाणी लागत नाही. मग पाणी ओतायचं, मीठ पाण्यात जातं, वाळू गाळणीवर राहती, पाणी आटवलं की मीठ. पाणी आणि मीठ ही जोडी शेवटाला, कारण एकदा ओलं केलं की परत कोरडं करायला वेळ जातो. एवढा एक तक्ता त्याच्या वहीत घाला, पेपरला आलेल्या कुठल्याही मिश्रणाला तो लागू पडतो.

आता गंमत सांगतो. तीन-चार वर्षांपूर्वी मी वर्गात नुसतं एवढंच विचारलं, की ज्वारीत खडे असतील तर काय करता. एक पोरगी मागच्या बाकावरून म्हणाली, सर, आमची मोठी माय रोळती. अर्ध्या वर्गाला रोळणं माहीत नव्हतं, म्हटलं दुसऱ्या दिवशी आजीलाच घेऊन ये. आजी आली, जर्मनचं मोठं पातेलं, खळ्यातून गोळा केलेलं मातेरं, म्हणजे ज्वारी, माती, खडे, काडीकचरा सगळं एकत्र. आधी सुपात पाखडलं, कचरा उडाला. मग पातेल्यात टाकून पाणी ओतलं आणि हातानं पाणी गोल फिरवत ते दुसऱ्या भांड्यात असं अलगद सोडलं की ज्वारी पाण्याबरोबर वाहत गेली, खडे तळालाच. पोकळ किडके दाणे वर आले ते वेगळेच काढले. माती गढूळ पाण्यात गेली. वीस मिनिटांत चार वस्तू वेगळ्या, आणि प्रत्येक वेळी फरक वेगळा वापरला. मग मी विचारलं, आजी, आधी पाणी ओतलं असतं तर? तर म्हणाली, 'मंग कचरा भिजून दाण्याला चिकटला नसता का? येडं हाय का काय हे मास्तर.' क्रम का महत्त्वाचा याचं यापेक्षा चांगलं उत्तर मला अजून कुठं मिळालेलं नाही, आणि मार्क म्हणाल तर पाचपैकी पाच.

बाजरी पेरत असाल तर अजून एक भारी प्रयोग घरातच होतो. अरगट या बुरशीच्या रोगासाठी बियाणं मिठाच्या पाण्यात बुडवतात, 10 लिटर पाण्यात 2 किलो मीठ. अरगटाच्या गाठी आणि हलकं बी वर तरंगतं, ते काढून टाकायचं, खालचं भरीव बी साध्या पाण्यानं दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवायचं. साध्या पाण्यात जे बुडलं असतं ते मिठाच्या पाण्यात तरंगतं, कारण मिठानं पाणी जड झालेलं असतं. म्हणजे फरक कमी पडला तर तो वाढवता येतो, हे इथं दिसतं. या पाण्याला सगळे 20 टक्क्यांचं द्रावण म्हणतात. पण 2 किलो मीठ आणि 10 किलो पाणी म्हणजे एकूण 12 किलो, त्यात 2 किलो मीठ म्हणजे 16.67 टक्के होतात. मी वरच्या वर्गातल्या पोरांना मुद्दाम हे विचारतो की चूक कुणाची. चूक कुणाचीच नाही, एकजण मीठ पाण्याच्या मापावर मोजायलाय आणि एकजण पूर्ण द्रावणाच्या वजनावर. पण यावर वर्गात जी भांडणं होतात त्यातनं टक्केवारीचा धडा निम्मा होऊन जातो.

आता विरघळणं. इथं बहुतेक पोरांची गाडी अडकती. पोरांना वाटतं मीठ पाण्यात 'गायब' झालं. तुमच्या पोरालाही मनातून तसंच वाटत असणार, तो बोलून दाखवत नसेल. किराणा दुकानात असतो तसला छोटा वजनकाटा मिळाला तर 100 ग्रॅम पाणी घ्या, 20 ग्रॅम मीठ टाका, ढवळा, परत वजन करा. 120 भरतंय. गायब झालं असतं तर 100 भरलं असतं. मग अजून मीठ टाकत जायचं, साधारण 36 ग्रॅमच्या आसपास गेलं की मीठ खाली बसायला लागतं, कितीही ढवळा. साखर घेतली तर त्याच पाण्यात 200 ग्रॅमच्या आसपास जाते, पाकच होतो. एवढा मोठा फरक बघून पोरं चाट पडतात.

दुसरा एक प्रयोग आपल्या भागासाठीच केल्यासारखा आहे, खर्च शून्य. स्टीलची ताटली पालथी घाला. एक थेंब बोअरच्या पाण्याचा, एक थेंब जारच्या पाण्याचा, एक थेंब पावसाच्या पाण्याचा, प्रत्येकाशेजारी कागदाचा चिटोरा ठेवून नाव लिहा आणि उन्हात ठेवा. पाणी उडून गेलं की बोअरच्या थेंबाच्या जागी पांढरी गोल रेघ राहती, खरखरीत, नखानं खरवडली की भुकटी निघती. पावसाच्या थेंबाच्या जागी बहुतेक काहीच नसतं. जारच्या थेंबाचं काय होतं ते प्लँटवर अवलंबून. मग पोराला विचारायचं, तिन्ही पाणी काचेसारखं दिसत होतं की नाही? चांगल्या फडक्यातनं गाळलं असतं तर हा डाग गेला असता का? नसता. गाळणीला दाणा लागतो अडवायला, विरघळलेल्या क्षाराला दाणाच उरलेला नसतो. 'गाळलं म्हणजे शुद्ध झालं' हा समज मोठ्या माणसांतही आहे, तुमच्या घरात कुणाला असेल तर त्यालाही ती ताटली दाखवा.

आणि याच्या उलटी बाजू म्हणजे गढूळ पाणी. पावसाळ्यात नदीला नवं पाणी आलं की आपल्याकडं घागरीत तुरटी फिरवायची पद्धत. काळ्या मातीचा सगळ्यात बारीक कण इतका बारीक असतो की दिवसदिवस खाली बसत नाही, फडक्यातून सरळ पार होतो. त्या कणांवर ऋण प्रभार असतो म्हणून ते एकमेकांना ढकलत राहतात, तुरटीतलं ॲल्युमिनियम धन प्रभाराचं, ते हा प्रभार मारून टाकतं, मग कण एकमेकांना चिकटून गठ्ठे होतात आणि जड होऊन बसतात. दोन काचेचे ग्लास घ्या, दोन्हीत शेतातली माती कालवून पाणी, एकात तुरटीचा खडा सात-आठ वेळा फिरवा आणि दुसरा तसाच ठेवा. अर्ध्या तासात फरक दिसतो. तुरटीनं माती बसती, पण क्षार जात नाहीत आणि सगळे जंतू मरत नाहीत, हे मात्र नक्की सांगा, नाहीतर पोरगं निवळलेलं पाणी तसंच पिऊन मोकळं.

घरी करण्यासारखं अजून काय. चुंबक जुन्या स्पीकरमधलं मिळतं, ते प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळूनच वापरायचं. उघडं चुंबक एकदा किसात घातलं की नंतर तो कीस काढता काढता जीव जातो, पिशवी असली की पिशवी उलटी केली, कीस पडला. कीस नसला तरी अडत नाही, आपली जमीन काळ्या बेसाल्टपासून झालेली, त्यात चुंबकाला चिकटणारं मॅग्नेटाइट असतं. अंगणातल्या कोरड्या मातीतनं किंवा नदीच्या वाळूतनं पिशवीतलं चुंबक ओढलं की काळी बारीक भुकटी दाढीसारखी लटकती. तेल आणि पाणी वेगळं करायला मेडिकलमधली 20 मिलीची सिरिंज आणा, बिना सुईची. दोन्ही ओढून घ्या, तोंड खाली करून उभी धरा, दोन मिनिटांत थर होतात, खालचं पाणी हळूच ढकलून द्या. शाळेतलं विलगकारी नरसाळं हेच काम करतं, फक्त ते काचेचं असतं म्हणून कपाटात राहतं. काळ्या स्केचपेनचा ठिपका गाळणकागदाच्या पट्टीवर खालून दोन बोटं वर द्यायचा आणि पट्टीचं फक्त टोक पाण्यात बुडवायचं. पहिल्या वेळी दहातली आठ पोरं ठिपकाच पाण्यात बुडवतात आणि रंग वाटीत जातो, ते होऊ द्या एकदा. दुसऱ्या वेळी काळ्यातनं निळा, जांभळा, पिवळा असे रंग वर चढतात. खडूवरही होतं. रशियाच्या त्स्वेत नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञानं पानातले रंग असेच खडूच्या भुकटीतून वेगळे केले आणि 1906 मध्ये या पद्धतीला क्रोमॅटोग्राफी नाव दिलं, त्याच्या आडनावाचा रशियन अर्थच मुळी 'रंग'. हे सांगितलं की पोरं ते नाव विसरत नाहीत.

ऊर्ध्वपातनाला, म्हणजे डिस्टिलेशनला, पातेलं, मधोमध एक जड वाटी, वाटीबाहेर हळद-मीठ घातलेलं पाणी, आणि वर झाकण उलटं ठेवून त्यावर गार पाणी. मंद आचेवर वाफ झाकणाला लागून थेंब वाटीत पडतो, नितळ, बिनखारट. माझ्या वर्गात हे केलं तेव्हा एक पोरगं जोरात म्हणालं, सर, ही तर हातभट्टी! सगळा वर्ग हसला. मी त्याला गप्प नाही बसवलं, तत्त्व तेच आहे की, अल्कोहोल 78 अंशाला उकळतं आणि पाणी 100 ला, म्हणून ते आधी वर येतं. पण फरक थोडा आहे म्हणून पाणीही थोडं येतंच, आणि साध्या ऊर्ध्वपातनानं कितीही वेळा केलं तरी साधारण 95-96 टक्क्यांच्या वर जात नाही. फरक जेवढा कमी तेवढं वेगळं करणं अवघड, हे त्या दिवशी पोरांना जे कळलं ते पुस्तकातल्या आकृतीनं कळलं नसतं.

आता माझी एक चूक सांगतो म्हणजे तुमच्या घरी होणार नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मिठाचं पाणी आटवताना मी शेवटपर्यंत मोठी ज्योत ठेवली. पाणी संपत आलं आणि मीठ तडतडून उडालं, पुढं वाकून बघणाऱ्या एका पोराच्या हाताला गरम खडे लागले. फार नाही भाजलं, पण त्याच्या वडलांच्या तोंडाकडं बघायची माझी हिंमत झाली नाही. तेव्हापासून चमचाभर पाणी उरलं की गॅस बंद, बाकीचं भांड्याच्या गरमीवर किंवा उन्हात. उन्हात हळू आटलं तर खडे मोठे चौकोनी येतात, ते भिंगातून बघण्यासारखे असतात, त्यामुळं उगी घाई कशाला.

मिश्रण आणि संयुग यातला गोंधळ राहिलाच. पुस्तकात लोखंड आणि गंधकाचं उदाहरण असतं, 7 ग्रॅम लोखंड आणि 4 ग्रॅम गंधक. नुसतं कालवलं तर चुंबक लोखंड उचलतं, तापवलं की काळं लोह सल्फाइड हे संयुग होतं आणि मग चुंबक काही करू शकत नाही. हे घरी करू नका, गंधकाचा धूर वाईट, शाळेतच होऊ द्या. घरी साखर पुरती. पाण्यात विरघळवली तर आटवून परत साखर मिळते, तव्यावर काळी होईपर्यंत जाळली तर परत आणून दाखव म्हणावं. जिथं घटक आपला गुण सोडत नाही तिथं वरच्या सगळ्या युक्त्या चालतात, जिथं सोडतो तिथं नाही. सातवीला एवढं कळलं तर भरपूर झालं, अणू-रेणूंची चित्रं नंतर बसतात.

सेमीचं म्हणाल तर त्याला आधी मराठीत बोलू द्या. सब्लिमेशन हा शब्द त्याला येतो, पण देवघरातल्या डबीतला कापूर उडून जातो हे तेच आहे, हे त्याला ठाऊक नसतं. आपल्याकडं 'कापूर उडाला' असंच म्हणतात, किती चपखल शब्द आहे. मराठी पुस्तकातलं 'संप्लवन' तर मलाही नोकरीला लागल्यावर पाठ करावं लागलं. घरचा शब्द, मग इंग्रजी शब्द, या क्रमानं गेलं की पेपरला स्पेलिंगशिवाय दुसरं काही अडत नाही.

राहिली फाउंडेशन बॅच. लातूरच्या शिकवणीनं पोरं घडतात हे मी नाकारत नाही, माझे स्वतःचे विद्यार्थी अकरावी-बारावीला तिथं जाऊन डॉक्टर झालेत. पण सातवीच्या पोराला घरापासून लांब ठेवून जे शिकवतील ते आत्ता त्याला नकोय, त्याला नावं आधीच येतात, अजून नावं मिळतील. आधी शाळेत जाऊन त्या कपाटाची चावी कुणाकडं आहे ते विचारा. भांडून नको, 'सर, शनिवारी अर्धा तास उघडता का, आम्ही पालक येऊन बसतो' असं म्हणा. बऱ्याचदा काच फुटली तर भरून कोण देणार या भीतीनं कुलूप असतं, दुसरं काही नाही. तरी नाही जमलं तर वरचं सगळं स्वयंपाकघरात होतं, आठवड्याला एक धरलं तरी दोन महिने पुरेल. फक्त कापूर तापवायचा प्रयोग तुम्ही किंवा त्याचे वडील जवळ असल्याशिवाय करू देऊ नका, तो पेट घेतो. त्यापेक्षा कापूर काचेच्या बरणीत घालून झाकण लावून चार दिवस उन्हात ठेवा, झाकणाला आतून पांढरे बारीक कण लागलेले दिसतील.